पुढच्या खोलीतला भाडेकरू

एन्टविसलांच्या मुलीचं, ग्लेनिसचं, लग्न झालं ते १९९६ साली. ईस्टर उलटल्यावरच्या शनिवारी ती चॅपलमधून नवऱ्याचा हात धरून निघाली ती थेट प्रेस्टनला, आणि हॅसलवर्थ गावात टॅनरी स्ट्रीटवरच्या चौदा नंबरच्या घरातली मागची खोली रिकामी झाली. ती खोली रिकामी झाली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं. हॉरेस एन्टविसल मात्र शेवटपर्यंत म्हणायचा, की खोलीचा काही दोष नाही, दोष सगळा क्लिफर्ड हेस्केथचा.

क्लिफर्ड सोळा नंबरात राहायचा, म्हणजे भिंतीला भिंत. विधुर माणूस. वय हॉरेसएवढंच, सदुसष्ट. पण हॉरेसच्या डोक्यावरचे केस आता मोजता आले असते, आणि क्लिफर्डला भांग पाडायला पाच मिनिटं लागायची. चॅपलच्या गायनात त्याचा खर्जातला आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. गावाच्या कडेला त्याचा भाजीचा तुकडा होता. तिथले आंबट लाल रुबार्बचे देठ तो दर आठवड्याला हॉरेसच्या बायकोला, डोरीनला, आणून द्यायचा. डोरीन त्यावर लोण्यातल्या पिठाचा चुरा पसरून भट्टीत भाजायची. हॉरेस ते दोनदा वाढून घ्यायचा आणि दोन्ही वेळा तोंड वाकडं करायचा.

लग्नानंतरच्या बुधवारी दोघं शेजारी आपापले कचऱ्याचे डबे बाहेर ठेवत होते. बुधवार हा टॅनरी स्ट्रीटवर कचऱ्याच्या गाडीचा दिवस.

"यंदा पुन्हा वाढवली की रे," हॉरेस म्हणाला.

"काय वाढवली?"

"घरपट्टी. तुला किती आली?"

"मला कुठे येते?" क्लिफर्डने डब्याचं झाकण नीट बसवलं. "आमचं घर खोल्या-खोल्यांनी दिलेलं. मला खालची खोली, वर ती नर्स, माळ्यावर बेकरीतला डेनिस. अशा घराची पट्टी मालकिणीवर. तू सबंध घर घेतलंस, म्हणून तुझ्यावर. तुला माहीत नव्हतं होय?"

आणि कसलंसं भजन गुणगुणत तो आत गेला.

हॉरेस तिथेच उभा राहिला. त्याच्या मनाला काय झालं असेल ते समजायला हवं. हा माणूस एकतीस वर्षं गावच्या बसमधला तिकीट तपासनीस होता. बिनतिकिटाचा माणूस त्याला वासावरून कळायचा. नोकरीच्या काळात त्याने एकदा स्वतःच्या मेव्हण्याला भर पावसात खाली उतरवलं होतं, आणि ते लोक आजही त्याच्याशी बोलत नव्हते. आणि इथे, भिंतीपलीकडे, अकरा वर्षं एक माणूस बिनतिकिटाचा बसला होता! रस्त्यावरचा दिवा दोघांवर सारखाच पडायचा. कचऱ्याची गाडी दोघांचेही डबे उचलायची. पण पैसे हॉरेसचे. म्हणजे क्लिफर्डच्या बटाट्याच्या साली हॉरेसच्या खर्चाने गाडीत बसून जात होत्या.

त्या दिवशी तो जेवला नाही. म्हणजे जेवला, पण बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी टाय बांधून तो पालिकेत गेला. काचेमागे एक बाई होती.

"घर सबंध भाड्याने घेतलंय का?" तिने विचारलं.

"हो."

"मग तुम्ही भरायची."

"आणि नुसती खोली घेतली असती तर?"

"मग मालकाने."

"असं का?"

"नियम आहे, साहेब. पुढचे या."

'नियम आहे, साहेब' हे तीन शब्द हॉरेसने आयुष्यात हजारो लोकांना ऐकवले होते. ते ऐकणाऱ्याला किती लागतात, हे त्याला त्या दिवशी प्रथम कळलं. पायऱ्या उतरताना त्याचे कान लाल झाले होते.

घरासमोर राहणाऱ्या एनिड मॉसने पडद्याआडून त्याचे कान पाहिले आणि ती बाहेर आली. रस्त्यातल्या प्रत्येकाच्या अडचणीवर तिच्याकडे सल्ला असायचा. सगळं ऐकून ती म्हणाली, "मग तूही खोलीच घे की! वरच्या मजल्यावर तुझ्या दोन खोल्या आहेत. एक तुझ्या नावावर, एक डोरीनच्या. दोन करार, दोन कुलपं. झाला तूही क्लिफर्ड."

एनिडला हे गमतीत सुचलं होतं. पण 'तूही क्लिफर्ड' हे शब्द हॉरेसच्या डोक्यात खिळ्यासारखे बसले.

रात्रीच्या चहाला त्याने डोरीनपुढे बेत मांडला. डोरीन आधी इतकी हसली, की तिला चष्मा काढून ठेवावा लागला. मग तिने चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि जिन्याकडे, वरच्या मागच्या खोलीच्या दिशेने पाहिलं.

"म्हणजे ती खोली माझी?"

"कागदावर गं."

"आणि कुलूप?"

"कुलूप लागेलच. नाहीतर पालिका मानणार नाही."

"किल्ली कुणाकडे?"

"तुझ्याकडे. म्हणजे कागदावर..."

"किल्ली कागदावर नसते, हॉरेस," डोरीन म्हणाली. "मला चालेल."

अडतीस वर्षांच्या संसारात डोरीनची अशी एकही जागा नव्हती जिचं दार तिला आतून लावता येईल. न्हाणीघर होतं, पण तिथेही दोन मिनिटांत हॉरेस बाहेरून विचारायचा, की माझे मोजे कुठे आहेत. ही गोष्ट हॉरेसला माहीत नव्हती. त्याला मोजे कुठे आहेत हेही माहीत नसायचं.

दोन्ही घरांची मालकीण एकच, ओल्डरॉइडबाई. बाजारात तिचं केस कापायचं दुकान होतं. हॉरेसने तिच्यासाठी अर्ध्या तासाचं भाषण तयार केलं होतं. तिने पहिल्याच वाक्याला हो म्हटलं.

"दोन करार? करू या की. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सामाईक. भाडं खोलीच्या हिशोबाने. कुठे सही करता?"

खोल्यांच्या हिशोबाने भाडं जरा जास्त होत होतं. हॉरेसने तो विजयाचा खर्च समजून गिळला. ती इतक्या पटकन हो का म्हणाली, हा प्रश्न एखाद्या तिकीट तपासनीसाला तरी पडायला हवा होता. नाही पडला. मत्सराने माणसाची नजर फक्त एकाच दिशेला जाते, आणि ती दिशा सोळा नंबरची होती.

कुलूप बसवायला हॉरेसने स्वतः हत्यारं काढली. पहिल्या तासात त्याने दाराला तीन भोकं पाडली. त्यातलं एकही कुलपाच्या कामाचं नव्हतं. दुसऱ्या तासात पटाशी अंगठ्यात गेली. तिसऱ्या तासात डोरीनने खिडकीतून हाक मारली, आणि क्लिफर्ड आपली पेटी घेऊन आला. तो चाळीस वर्षं गिरणीत सुतारकाम करत होता. वीस मिनिटांत कुलूप बसलं, तीन भोकं बुजली, आणि दार पहिल्यापेक्षा हलकं फिरायला लागलं.

"घ्या, डोरीन," क्लिफर्डने किल्ल्या तिच्या हातात ठेवल्या. "दोनच आहेत. एक हरवली तर दुसरी मी करून देईन."

हॉरेस पट्टी बांधलेला अंगठा वर धरून पाहत राहिला. आपल्या बायकोच्या खोलीची किल्ली दुसऱ्याच माणसाने तिला द्यावी, हे त्याच्या बेतात नव्हतं.

पहिल्या आठवड्यात डोरीनने खोलीत खुर्ची नेली. दुसऱ्यात किटली नेली. तिसऱ्यात पलंग. "करार खोलीचा आहे ना? मग झोपायचं कुठे, जिन्यात?" आणि मग तिने स्वयंपाकघराच्या दारावर एक कागद लावला. सोमवार, बुधवार, शुक्रवार डोरीन. मंगळवार, गुरुवार, शनिवार हॉरेस. रविवार ठरवून.

"हे काय?" हॉरेसने विचारलं.

"सामाईक आहे. तूच सही केलीस."

"पण मला अंडं उकडण्यापलीकडे काही येत नाही!"

"मग मंगळवार, गुरुवार, शनिवार तू अंडं खा."

तो खरोखर अंडं खाऊ लागला. पोटात अंडं आणि डोक्यात क्लिफर्ड, असा उन्हाळा निघाला.

त्यात इतर गोष्टी वाढत गेल्या. दूधवाला दोन बाटल्या आणि दोन चिठ्ठ्या ठेवू लागला. टपाल 'मि. एन्टविसल, पुढची खोली' अशा नावाने येऊ लागलं. एके दिवशी टीव्हीच्या परवान्याचं पत्र आलं: स्वतंत्र करार असलेल्या प्रत्येक खोलीतल्या टीव्हीला स्वतंत्र परवाना हवा. डोरीनच्या खोलीत ग्लेनिसचा जुना टीव्ही होता. म्हणजे तीन आठवडे हॉरेसच्या घरात बिनपरवान्याचा टीव्ही चालू होता. त्याच्या छपराखाली! त्या दिवशी तो स्वतः पळत पोस्टात गेला, आणि रांगेतल्या ओळखीच्या ड्रायव्हरची नजर चुकवत उभा राहिला.

चॅपलचे धर्मगुरू एक दिवस केक घेऊन आले. पुढच्या खोलीत हॉरेसचा हात हातात घेऊन म्हणाले, "अडतीस वर्षांनंतर, एन्टविसल. मन मोकळं करा."

"अहो, घरपट्टीचा प्रश्न आहे हा!"

"असंच काहीतरी निमित्त असतं," ते खिन्नपणे म्हणाले, आणि मग मागच्या खोलीचं दार वाजवून डोरीनकडे गेले. तिच्याकडे ते पाऊण तास बसले. केकही तिकडेच गेला.

प्रेस्टनहून ग्लेनिसचा रडत फोन आला. "बाबा, एनिडकाकूंच्या भाचीने सांगितलं. तुम्ही आणि आई..."

"काही नाही गं. आम्ही फक्त भाडेकरू आहोत."

ग्लेनिस आणखी मोठ्याने रडायला लागली.

पण हे सगळं हॉरेसने सोसलं असतं. त्याला सोसवेना ती गोष्ट वेगळी होती. गुरुवारी संध्याकाळी क्लिफर्ड यायचा. दार हॉरेसच उघडायचा, कारण रस्त्यावरचं दार सामाईक होतं.

"कुणाकडे?" हॉरेस विचारायचा, जणू त्याला माहीतच नाही.

"मागच्या खोलीत," क्लिफर्ड टोपी काढून म्हणायचा. "बोलावलंय." आणि भांग सारखा करत जिना चढायचा.

भाडेकरूने दुसऱ्या भाडेकरूच्या पाहुण्याला अडवू नये, असं करारात सातव्या कलमात लिहिलेलं होतं. ते कलम हॉरेसने स्वतः मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

पहिल्या गुरुवारी तो पुढच्या खोलीत नुसता बसला. दुसऱ्या गुरुवारी त्याने काचेचा पेला भिंतीला लावला आणि पेल्याला कान. आधी काही खुडबूड ऐकू आली. मग डोरीनचा आवाज: "आता नाही सोडणार तुम्हाला!" मग क्लिफर्ड खर्जात हसला. मग डोरीन हसली. असं हसणं हॉरेसने ऐकून किती वर्षं झाली होती, ते त्याला आठवेना. बहुतेक ब्लॅकपूलच्या सहलीत, त्याची टोपी समुद्रात उडाली तेव्हा. पेल्याची कड कानाला रुतली तरी तो हलला नाही. मधेच खडखड, मधेच शांतता. ती शांतता खडखडीपेक्षा वाईट होती.

तिसऱ्या गुरुवारी पेला हातातून निसटून फुटला. पलीकडून डोरीनचा आवाज आला, "हॉरेस, काचा तूच गोळा कर. जिना सामाईक आहे, पण पुढची खोली तुझी."

रुबार्बचा हंगाम संपला तर क्लिफर्ड लीक आणू लागला, म्हणजे कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ, मनगटाएवढा जाड. हॉरेसने बाजारातून त्याहून जाड लीक आणून स्वयंपाकघरात मुद्दाम दिसेलसा ठेवला. तो आठ दिवस तिथेच राहिला आणि मऊ पडला. डोरीनच्या दिवशी त्याला कुणी हात लावला नाही, आणि हॉरेसच्या दिवशी अंडं होतं.

एका सकाळी तो आरशासमोर उभा राहून राहिलेले केस उजवीकडून डावीकडे नेऊन बघत होता. दारावरून जाताना डोरीन थांबली, त्याच्याकडे पाहून खाली गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

सप्टेंबरात पालिकेचा माणूस आला, मि. पिलिंग. हातात कागद अडकवलेली पाटी, चेहरा थकलेला. पट्टी मालकिणीवर टाका, या हॉरेसच्या अर्जाला पाच महिन्यांनी ही भेट मिळत होती. ओल्डरॉइडबाईही मालकीण म्हणून आली. कुलूप बसवणारा साक्षीदार म्हणून क्लिफर्डला बोलावलं होतं, आणि कुणी न बोलावता एनिड आली.

पिलिंगने पुढची खोली पाहिली. मग मागच्या खोलीपुढे उभा राहिला. डोरीनने गळ्यातली किल्ली काढून दार उघडलं. कुलूप लागल्यापासून हॉरेसही तेव्हाच पहिल्यांदा आत शिरला. पलंगावर निळी चादर. खिडकीत किटली. परवान्याचा कागद चिकटवलेला टीव्ही. आणि मधे छोटं टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या, टेबलावर डॉमिनोच्या काळ्या सोंगट्यांची अर्धी रांग.

"हे काय?" हॉरेस म्हणाला.

"डॉमिनो," डोरीन म्हणाली. "क्लिफर्डला मी आतापर्यंत बेचाळीस वेळा हरवलंय."

"त्रेचाळीस," क्लिफर्ड खाली मान घालून म्हणाला.

हॉरेसला एकदम १९५८ साल आठवलं. नव्या संसारातली डोरीन म्हणाली होती, मला डॉमिनो शिकव. आणि तो म्हणाला होता, तो दारूच्या गुत्त्यातल्या पुरुषांचा खेळ आहे. एवढंच बोलून तो खेळायला गुत्त्यात निघून गेला होता. त्याच्या छातीत जे भडकलं ते पेल्याने ऐकलेल्या कशाहूनही वाईट होतं. क्लिफर्डने त्याचं काहीच चोरलं नव्हतं. हॉरेसने जे टाकून दिलं होतं तेच उचललं होतं.

पिलिंग मात्र खूश दिसत होता. "साहेब, मी असे खूप करार बघतो. नवरा-बायको एकत्रच राहतात आणि आम्हाला दाखवायला दोन कुलपं लावतात. ते आम्ही लगेच फेटाळतो. पण इथे वेगळा पलंग, वेगळी किटली, वेगळं दूध, टीव्हीचा वेगळा परवाना. इतकं चोख प्रकरण मी पाहिलेलं नाही. पट्टी मालकिणीवर जाईल. तुम्ही जिंकलात." त्याने कागद पुढे केला. "फक्त इथे सही. 'मी आणि मिसेस एन्टविसल या घरात दोन वेगळी कुटुंबं म्हणून राहतो.'"

पाच महिने हॉरेस या क्षणाची वाट पाहत होता. त्याने पेन घेतलं. डोरीन दाराला टेकून उभी होती, किल्ली मुठीत.

"कर ना सही," ती म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं. "एवढा खटाटोप केलास."

हॉरेसने कागद वाचला. पुन्हा वाचला. दोन वेगळी कुटुंबं. त्याने डोरीनकडे पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं की तीही तोच कागद वाचते आहे, उलट्या बाजूने, चष्म्याशिवाय, आणि तिचे ओठ हलताहेत.

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?" पिलिंगने विचारलं.

"वेगळी नाहीत. एकच आहे. ही माझी बायको आहे. हे सबंध घर आमचं आहे, म्हणजे भाड्याने, पण सबंध. पट्टी मीच भरणार." त्याने पेन टेबलावर आदळलं. "आणि मला अंड्यांचा कंटाळा आलाय!"

पिलिंगने फार वाईट वाटल्यासारखा कागद फाडला. एनिड रुमालात नाक शिंकरत होती. ओल्डरॉइडबाई किटलीशेजारच्या बशीतलं बिस्किट खात म्हणाली, "बरं झालं. जुना करार करते. भाडंही उतरेल."

"उतरेल? का?"

"अहो, खोल्यांच्या भाड्यात पट्टी धरलेलीच असते. सोळा नंबरची काय मी माझ्या खिशातून भरते की काय?"

हॉरेस हळूहळू क्लिफर्डकडे वळला. "म्हणजे तू भरतोस?"

"भरतो की. तुझ्याहून थोडी जास्तच असेल. मला वाटलं, तुला माहीत असेल."

म्हणजे या माणसाकडे तिकीट होतं. अकरा वर्षं होतं. हॉरेसला हायसं वाटायला हवं होतं, पण खिशातून काहीतरी पडून हरवल्यासारखं वाटलं. इतका घट्ट धरून ठेवलेला हेवा, आणि त्यात काहीच नव्हतं.

लोक गेल्यावर डोरीनने स्वयंपाकघरातला कागद काढला. तिने मटण-बटाट्याची हंडी भट्टीत ठेवली. मागच्या खोलीचं कुलूप मात्र काढलं नाही, आणि हॉरेसनेही काढ म्हटलं नाही. जेवण झाल्यावर ती वर गेली. थोड्या वेळाने दार वाजलं.

"कोण?"

"पुढच्या खोलीतला भाडेकरू."

"काय काम आहे?"

बाहेर फळी करकरली. मग: "डॉमिनो. शिकवशील का?"

"गुत्त्यातला खेळ आहे तो."

"डोरीन..."

"पाय पुसून ये," ती म्हणाली, आणि किल्ली फिरली.

त्या रात्री ती सहा वेळा जिंकली. पुढे गुरुवारी तिघं खेळू लागले, आणि हॉरेस दर डावाला क्लिफर्डच्या सोंगट्या मोजायचा. जुनी सवय. नंतर क्लिफर्डचे गुडघे गेले, तेव्हा बुधवारी सकाळी सोळा नंबरचा डबाही हॉरेसच बाहेर ठेवू लागला. ठेवताना पुटपुटायचा, "याच्या साली मीच वाहायच्या."

हॉरेस वारल्यावर एनिडने डोरीनला सांगितलं, की घरात एकटं माणूस राहिलं तर पट्टीत पाव हिस्सा सूट मिळते, अर्ज कर. डोरीनने वर्षभर अर्ज केला नाही. "मला सूट मिळाली असं कळलं," ती म्हणाली, "तर त्याला तिथेही झोप लागायची नाही." मग तिने तो केला.

क्लिफर्ड हेस्केथ ऑक्टोबर २००४ मध्ये वारला. हॉरेस एन्टविसल त्याच्या आधी, १९ फेब्रुवारी २००३ ला, सकाळी सातच्या सुमारास वारला. बुधवार होता. दोन्ही डबे बाहेर ठेवलेले होते.